घुटीच्या रंगाचं झबलं

जोगेश्वरीच्या आमच्या चाळीत रुक्मिणीकाकींची खोली सात नंबरची आणि आमची आठ. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांच्याकडे फोडणीत मिरची पडली की शिंक आमच्याकडे यायची. मी लग्न होऊन चौऱ्याऐंशी साली तिथं आले. परभणीकडची मी, मुंबईत ओळखीचं कुणी नाही. पहिल्याच आठवड्यात काकींनी भिंतीवर टकटक करून विचारलं, "सुगंधा, भात तुझ्याकडे जळतोय की माझ्याकडे?" तो माझ्याकडेच जळत होता. तेव्हापासून आमचं जमलं.

रुक्मिणी घाडी. देवगड तालुक्यातल्या. अंगानं ठेंगण्या, शिक्षण चौथीपर्यंत, आणि हात कधी रिकामा नाही. बोलता बोलता त्या समोरच्याच्या शर्टाचं लोंबतं बटण शिवून टाकायच्या. यजमान सहदेवकाका बावीस वर्षं लालबागच्या एका मिलच्या रंगखात्यात होते. संपानंतर मिल काही उघडली नाही आणि काकांनी अंधेरीच्या एका कंपनीत वॉचमनचा खाकी ड्रेस घातला. मिलबद्दल ते एक अक्षर बोलायचे नाहीत. फक्त कुठंही गेले की समोरच्याचं कापड दोन बोटांत धरायचे आणि म्हणायचे, "कच्चा." लग्नाच्या मांडवात ते नवरीच्या शालूबद्दलही असं म्हणाले होते, म्हणून काकी त्यांना मांडवात मागच्या रांगेत बसवायच्या.

मुलगा रतन, सून वनमाला, आणि पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरमध्ये झालेली नात पद्मजा, म्हणजे आमची पमी. तिच्या पहिल्या संक्रांतीला काकींनी हौसेनं बोरनहाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, वरून बोरं आणि चुरमुरे. झबलं फुटपाथवरून घेतलेलं होतं. कौतुकानं ते दोन दिवस तिच्या अंगावर राहिलं आणि तिसऱ्या दिवशी पोरीच्या गळ्याला आणि काखेत लालभडक पुरळ उठलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सांगितलं, "रंगाचं कापड नको. मोठी होईपर्यंत पांढरं सुती घाला."

काकांनी संध्याकाळी ते झबलं तांब्याभर पाण्यात बुडवलं. पाणी शाईसारखं झालं. ते त्या पाण्याकडे बघत बसले.

"बावीस वर्सां रंगखात्यात काढली," ते म्हणाले, "आणि नातीच्या अंगावर हो असो रंग."

"घेताना तुम्ही बरोबर असता तर बोटांत धरून सांगितलं असतंत," काकी म्हणाल्या. "चूक माझी. उठा, जेवायला चला."

पुरळ आठवड्याभरात गेलं, पण पमी नखशिखांत पांढरी झाली. झबलं पांढरं, टोपडं पांढरं, दुपटं पांढरं. मी म्हटलं, "काकी, पांढऱ्यात वाईट काय आहे? आमच्याकडे तर बुद्धजयंतीला सगळी पांढरंच नेसतात."

"तुमचं पांढरं मोठ्या माणसांचं गं," काकी म्हणाल्या. "ही एवढीशी. पांढऱ्या चादरीवर ठेवली की सापडतच नाही. काल मी हिच्यावर उशी ठेवणार होते."

फेब्रुवारीत एक दिवस काकी दारात बसून सहाणेवर घुटी उगाळत होत्या. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हिरडा, एकेकाचे दोन-दोन वेढे. मांडीवरच्या पमीनं पाय झाडला आणि घुटी काकींच्या पदरावर सांडली. दोन दिवसांनी त्या तो पदर घेऊन माझ्याकडे आल्या.

"बघ. तीनदा धुतला. जात नाही."

"अरेरे, चांगली साडी होती."

"अरेरे काय? पोरगी हे रोज चाटते. जे पोटात चालतं ते अंगावर का नाही चालणार?"

झालं. त्या दिवसापासून हा त्यांचा कायदा. जे तोंडात घालता येतं त्याचाच रंग करायचा. काष्ठौषधीच्या दुकानात त्यांनी मंजिष्ठेची काडी विकत घेण्याआधी दाताखाली चावून बघितली. दुकानदार म्हणाला, "बाई, ही काढ्यात घालतात." "मग बरोबर आहे," म्हणून पिशवीत टाकली. डाळिंबाची सालं वाळू लागली, पानवाल्याकडून कात आला, बीट किसलं गेलं. मी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. तिथून टाकून दिलेल्या रिकाम्या बरण्या आणायचं काम माझ्याकडे लागलं. कापडासाठी काकांचे जुने पंचे एकेक करून नाहीसे व्हायला लागले.

काकांना हे सगळं बघून हसू यायचं. "रुक्मिणी, रंग म्हणजे शास्त्र. हळदीचो रंग म्हणजे पावणो. जेवलो की गेलो."

आणि पाहुणे खरंच जात होते. बीट पहिल्या पाण्यात गेलं. जास्वंदीची फुलं उकळून केलेला जांभळा रंग वाळल्यावर राखेसारखा झाला. हळद तेवढी टिकली असं वाटलं, पण हळदीनं तर चाळ गोळा केली. हळदीत बुडवलेला एक तुकडा पमीच्या कपड्यांत मिसळला होता. वनमाला नळावर कपडे धुवायला बसली, त्यावर साबण फिरवला, आणि तो पिवळा तुकडा तिच्या हातात लालभडक झाला.

"आई! रक्त! पमीच्या कपड्याला रक्त!"

वरच्या मजल्यावरच्या बायका धावत खाली आल्या. मी पमीला पाळण्यातून उचलून उलटीसुलटी करून बघितलं. ती मजेत अंगठा चोखत होती. काकी शांतपणे आल्या, तुकडा हुंगला, आत जाऊन अर्धं लिंबू आणलं आणि त्यावर पिळलं. लाल परत पिवळं झालं. "हळद आणि साबणाचा खार एकत्र आले की कुंकू होतं, ते विसरलात होय गं सगळ्या?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "काकी, परत करा ना." लिंबू संपेपर्यंत तो खेळ चालला.

संध्याकाळी ड्यूटीवरून आल्यावर काकांच्या कानावर हे गेलं. त्यांनी चहा बशीत ओतून संपवला. मग बशी खाली ठेवून म्हणाले, "तुरटी."

"काय?"

"तुरटीच्या पाण्यात आधी कापड उकळ. मग रंग. नायतर तो बसतलो खंय? त्याक बसूक पाट नको?"

दुसऱ्या दिवशी दाढीनंतर गालावर फिरवायला गेले तर त्यांची तुरटीची वडी नव्हती.

तुरटीनं फरक पडला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा बसला, मंजिष्ठेचा विटकरी बसला, हिरडा तर हटेचना. पण ते रंग सपाट होते, पोत्यासारखे. "टिकतात," काकी म्हणायच्या, "पण पोरगी हसत नाही बघून." मे महिन्यात सातव्या महिन्यात पमीचं उष्टावण करायचं होतं, आणि त्या दिवशी ती पांढऱ्यात बसणार नाही हे काकींनी मनाशी ठरवलेलं होतं.

एप्रिलच्या शेवटी पाण्याची बोंब झाली. नळ सकाळी अर्धा तास, कधी तोही नाही. अशाच एका दिवशी काकींनी तीन तुकडे तुरटीतून काढून पिळले, चोळामोळा करून तांदूळ धुवायच्या रोवळीत ठेवले, आणि एकेक रंगाचा कंटाळा आला म्हणून तिन्ही रंगांची कुटून ठेवलेली पूड त्यांवर थोडी थोडी शिंपडली. इथं मंजिष्ठा, तिथं डाळिंब, मध्ये हिरडा. आता वरून हळूहळू पाणी ओतायचं होतं. हंडा बघितला तर कोरडा. प्यायच्या कळशीला हात लावायचा नाही हे चाळीतलं पोरही जाणत होतं.

तेवढ्यात सोनूबाई बाजारातून परत आली. ही आमच्या चाळीच्या टोकाच्या खोलीत राहायची, माहेर मढचं, स्टेशनजवळच्या बाजारात मासे विकायची. उरलेल्या बर्फाचं गोणपाट ती गटारात रिकामं करणार, एवढ्यात काकी ओरडल्या, "थांब गो सोनू! तो इकडे दे!"

"बर्फ? कशाला? काका पडले बिडले काय?"

"पाणी नाही तर पाण्याचा दगड तरी दे."

त्यांनी बर्फ पोळपाटावर बत्त्यानं फोडला, रोवळीत कापडावर रचला, खाली परात ठेवली आणि स्वयंपाकाला लागल्या. विसरूनच गेल्या.

मी पाच वाजता कामावरून आले तेव्हा त्यांनी मला हाताला धरून आत ओढलं. "सुगंधा, आधी हे बघ, चप्पल मग काढ." बर्फ वितळून गेला होता. त्यांनी तुकडा उलगडला. मी आजवर असलं कापड बघितलं नव्हतं. विटकरी रंग एका कडेनं सावकाश पसरत गेलेला, पिवळ्याला भिडला तिथं नारिंगी झालेला, मध्येच पांढऱ्या शिरा सुटलेल्या. आमच्या जोगेश्वरीच्या गुहेत भिंतीवरून ओल उतरते, तशा त्या रेघा उतरल्या होत्या. पाणी ओतलं असतं तर सगळं एकदम वाहून गेलं असतं. बर्फानं घाई केली नव्हती. पमी वनमालाच्या मांडीवरून ते कापड ओढायला बघत होती आणि हसत होती.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. वाळत घातलेल्या तुकड्यांखाली चाळीतली दोन्ही मांजरं येऊन बसली. कापडाला बोंबलाचा वास होता.

म्हणून काकी गुहेच्या फाटकापाशी गोळ्याची गाडी लावणाऱ्या शिवदासकडे गेल्या. मीही बरोबर होते.

"दोन किलो बर्फ दे. रंग नको."

शिवदास किसणीवरचा हात थांबवून म्हणाला, "काकी, रंग नको तर गोळा कसला?"

"रंग माझ्याकडे आहे."

दोन-चार दिवसांनी त्यानं ऐकलं की हा बर्फ कापडावर घालतात. मग तो स्वतःच मोठा खडा गोणपाटात बांधून दुपारी चाळीत आणून द्यायचा आणि कडेला उभा राहून बघायचा. पूड बर्फाखाली न घालता बर्फावर शिंपडली तर रेघा जास्त बारीक येतात, हे त्यानंच सुचवलं. सरबत वरून ओतायची सवय त्याला.

नक्षी साधली, पण धुतल्यावर निम्मी जायची. सुंदरातला सुंदर तुकडा पाण्यातून काढला की आजाऱ्यासारखा फिका. चौथ्या तुकड्याला काकी तशाच ओल्या हातानं उंबऱ्यावर बसल्या. त्यांना कामाशिवाय बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे बरोबर म्हणत होते. पाहुणाच तो."

काका खुंटीला टोपी अडकवत होते. त्यांनी तो तुकडा उचलला, उजेडात धरला, दोन बोटांत चोळला.

"वाफ दिलीस?"

"कसली वाफ?"

"अगो, थंडीत रंग नुसतो वर बसता. आत जावक ऊब होयी. मिलमध्ये छापलेल्या कापडाक आम्ही वाफ देत होतो. तुका कोणी सांगूक नाय?"

"कोण सांगणार? तुम्ही तर हसत होतात!"

काका जरा ओशाळले. मग म्हणाले, "मोदकपात्र काढ."

वरच्या फळीवरचं मोदकपात्र खाली आलं. जुन्या पंच्यात गुंडाळून कापड आत गेलं आणि काका मनगटावरचं घड्याळ बघत स्टोव्हपाशी उभे राहिले. तास भरल्याशिवाय झाकण काढू देईनात. वनमालानं डोकावायचा प्रयत्न केला तर म्हणाले, "खात्यात बाहेरच्यांक मनाई आसा." आणि उभ्या उभ्या ते बोलायला लागले. रंगाच्या हौदाची खोली, गुडघ्यापर्यंतचे बूट, कुठल्या कापडाला किती ताव, वाफेच्या पेटीचं दार उघडताना साहेबाचा चष्मा कसा धुरकटायचा. चार वर्षांत त्यांनी मिलचं नाव काढलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते थांबेचनात. काकी स्टोव्हला पंप मारत होत्या. मी आणि वनमाला दाराशी बसून ऐकत राहिलो.

झाकण निघालं. रंग गडद झाले होते. "आता दोन दिवस सावलीत. हात लावायचा नाय. मग रिठ्याच्या पाण्यात धुवायचा, साबण नको." दोन दिवसांनी धुतलं तर पाणी जवळजवळ नितळ.

यानंतर काका खात्यात परत रुजू झाल्यासारखे वागू लागले. एक दिवस त्यांनी गंजलेल्या खिळ्यांचं पाणी करून आणलं. हिरड्यावर ते पडलं की करडा रंग येतो म्हणाले. काकींनी कायदा दाखवला. "गंज कोण खातं?"

"लोखंडाच्या कढईतली भाजी खातंस मगे?"

काकींनी थोडा विचार केला. "चमचाभरच," म्हणाल्या.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात रविवारी सकाळी काका नळावर आंघोळीला उघडे बसले होते. दंडाला एक रंगीत चिंधी बांधलेली आणि कमरेला दुसरी. पलीकडचे धोंडिराम कदम दात घासता घासता म्हणाले, "काय काका, दोन-दोन ताईत? कुठल्या बाबाचे?"

काकांनी गडबडीनं पंचा खांद्यावर ओढला. पण तोवर काकी हंडा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चिंध्या बघितल्या. स्वतःचं काम त्यांनी लांबूनही ओळखलं असतं.

"ओ, हे काय?"

"काय नाय."

"काय नाही कसं? कधीपासून बांधलंत?"

"आठ दिवस झाले," काका खाली बघत म्हणाले. "खाकीच्या आत. उन्हात उभा असतो दिवसभर, घाम येतो. म्हटलं, अंगाला खाज येते का बघू, रंग सुटतो का बघू." मग जरा चिडूनच म्हणाले, "पोरीचं अंग म्हणजे लोणी गो. एकदा चुकलंव. परत चुकूचा नाय."

त्यांनी दंडावरची चिंधी सोडली. खाली कातडी स्वच्छ होती. रंगाचा डाग नाही, पुरळ नाही. काकी तिथंच नळाच्या चिखलात उभ्या राहून त्या दंडावरून बोट फिरवत होत्या, सगळ्या चाळीसमोर. धोंडिरामांनी चूळ भरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

उष्टावणाचं झबलं मग दोघांनी मिळून केलं. मऊ मलमल, शिवणकाम वनमालाचं, बर्फ शिवदासचा. विटकरी, पिवळा, आणि मध्ये करड्या ढगासारखा एक पट्टा. सोनूबाईनं त्या दिवशी एकही बोंबील आमच्या बाजूच्या दोरीवर वाळत घातला नाही.

वनमालाचा भाऊ दहिसरहून आला. त्यानं भाचीला मांडीवर घेऊन खिरीचं पहिलं बोट चाटवलं. पमीनं ती खीर आधी थुंकली, मग मागितली, मग सगळी झबल्यावर सांडली. भावजय पुढे वाकून म्हणाली, "अय्या, काय झकास कापड आहे! वन्सं, कुठल्या दुकानातून आणलंत?"

"आमच्या मोदकपात्रातून," वनमाला म्हणाली.

खरं सांगितल्यावर तिनं तसलंच एक मागितलं. काकी म्हणाल्या, "करून देते. पण तसलंच नाही होणार हं. बर्फ दरवेळी आपल्या मनानं वितळतो."

पमी ते झबलं दिवसभर घालून होती. रात्री वनमालानं ते काढलं तेव्हा काका बॅटरी घेऊन आले आणि त्यांनी पोरीचा गळा, काख, पाठ तपासली. मग बॅटरी विझवून बाहेर जाऊन बसले आणि सोनूबाईशी तासभर गप्पा मारत राहिले.

त्यानंतर चाळीत ज्या घरी पाळणा हलला तिथं काकींचं झबलं गेलं. माझा मुलगा सत्त्याऐंशीत झाला. त्याचं झबलं हिरड्याचं आणि काताचं होतं. माझ्या बुद्धजयंतीच्या पांढऱ्या साडीकडे काकी दरवर्षी आशेनं बघायच्या. "एवढी मोठी पांढरी जागा गं, वाया चाललीय." ती मी दिली नाही. पण एक जुनी पांढरी साडी दिली. त्यांनी ती परत आणली तेव्हा पांढरं तसंच ठेवलं होतं, फक्त काठावर बोटभर पिवळी झाक उतरवलेली होती. ती साडी मी पुढे कंपनीच्या समारंभाला कितीतरी वेळा नेसले.

अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात घाडी मंडळी गावी गेली. वनमालानं परत आल्यावर जे सांगितलं ते ऐकून मी पोट धरून हसले. गावी पोचल्यापासून काकी झाडाझाडाखाली उभ्या. सागाचा कोवळा पाला तळहातावर चोळून लाल करत होत्या, खैराचं लाकूड हुंगत होत्या, काजूच्या सालीवरून जावेशी वाद घालत होत्या. पूड तयार झाली. पण त्या वाडीत बर्फ कुठला? तो मिळणार थेट देवगड बंदरावर.

काका सकाळच्या एसटीनं गेले. कारखान्यातून लादीचा मोठा तुकडा घेतला, भुशात घालून गोणपाटात बांधला. परतीला कंडक्टरनं ओलं गोणपाट आत घेऊ दिलं नाही. ते टपावर चढलं. दुपारचं ऊन. टपावरून पाणी गळायला लागलं तसे खिडकीतले लोक हात बाहेर काढून तोंडाला पाणी लावायला लागले. प्रत्येक थांब्याला काका खाली उतरून वर बघायचे आणि पुन्हा चढायचे.

वाडीच्या फाट्यावर काकी उभ्याच होत्या. काकांनी गोणपाट उघडलं. आत नारळाएवढा बर्फ उरला होता.

"एवढोच?"

"मगे काय! वाटेत सगळ्यांका वाटीत इलंय."

काकींनी तो पदरात घेतला आणि निघाल्या. आधी भराभर, मग धावत. मागून काका, रिकामं गोणपाट खांद्यावर. बांधावरची माणसं उभी राहून बघत होती. भर उन्हात घाडी नवरा-बायको धावतायत, म्हाताऱ्याला कुणी मारायला उठलंय की म्हातारीला साप चावलाय, त्यांना काही कळेना. घरी पोचेपर्यंत नारळाचं लिंबू झालं होतं.

शेजारच्या घरात बाळंतीण होती. त्या लिंबाएवढ्या बर्फात तिच्या बाळाचं टोपडं झालं.